आघाडी म्हणजे अस्थिरता? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेख इतका बारकाईने वाचून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. युरोपातल्या आघाडी सरकारांबद्दल मी चांगलं लिहिलं, ते तुम्हाला पटलेलं नाही. बेल्जियम ५४१ दिवस सरकारविना होता, ते मी एका वाक्यात उरकलं असं तुम्ही म्हणता. इटलीत सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळतात याची आठवण करून देता. ज्याला जास्त मतं तो निवडून, ही ब्रिटनची (आणि आपलीही) पद्धत स्पष्ट बहुमत देते आणि देश चालवायला तेच लागतं, असं तुमचं मत. आणि शेवटी विचारता, आघाडीत मतदाराने जाब विचारायचा तरी कोणाला? हा तुमचा सगळ्यात वजनदार प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी बेल्जियम. १३ जून २०१० ला निवडणूक झाली आणि एलिओ दि रुपो यांच्या सरकारचा शपथविधी झाला थेट ६ डिसेंबर २०११ ला. आकडा खराच आहे. पण 'सरकारविना' हा शब्द मला मान्य नाही. त्या काळात इव लेतेर्म यांचं काळजीवाहू सरकार होतं. नवा अर्थसंकल्प नव्हता, पण आधीच्या वर्षाच्या खर्चाचा बारावा हिस्सा दर महिन्याला, आपल्या लेखानुदानासारखा, मंजूर होत होता. शाळा वगैरे विषय तिथे केंद्राकडे नाहीतच. फ्लेमिश (म्हणजे डच बोलणाऱ्या) आणि फ्रेंच भाषकांची आपापली सरकारं ते बघतात, आणि ती सरकारं शाबूत होती. मार्च २०११ मध्ये लिबियातल्या मोहिमेत लढाऊ विमानं पाठवायचा निर्णय झाला तो याच काळजीवाहू सरकारच्या काळात, संसदेला विचारून. आपल्याला हे नवलाचं वाटायचं कारण नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध आपण लढलो तेव्हा दिल्लीत काळजीवाहू सरकारच होतं.

या लांबलेल्या वाटाघाटींची किंमत बेल्जियमने मोजली नाही असं मात्र मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये देशाचं पतमानांकन घसरलं, तेव्हा कुठे अर्थसंकल्पाची चर्चा मार्गी लागली. पण एवढा वेळ लागला कशाला, तेही बघा. ब्रुसेल्स आणि त्याच्या भोवतीच्या फ्लेमिश भागाचा एक सामाईक मतदारसंघ होता. तो तोडायचा की ठेवायचा यावर दोन भाषक गट वर्षानुवर्षं अडून बसले होते. तिथले बहुतेक पक्षच भाषेनुसार वेगळे, मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून दोन्ही भाषांचे मंत्री समसमान असलेच पाहिजेत अशी राज्यघटनेची अट. अशा देशात एका गटाने बहुमताच्या जोरावर निर्णय रेटला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. दीड वर्ष वाटाघाटी झाल्या, मतदारसंघ विभागला गेला, प्रांतांना जास्त अधिकार मिळाले. हे सगळं टेबलावर झालं, रस्त्यावर नाही. मला ते दीड वर्ष वाया गेलेलं वाटत नाही.

आता स्पष्ट बहुमताचं. २०१९ ला बोरिस जॉन्सन बाकी सगळ्यांच्या एकत्रित जागांपेक्षा ८० जागा जास्त घेऊन आले. त्याच संसदेत ब्रिटनने तीन पंतप्रधान पाहिले: जॉन्सन, ४९ दिवस टिकलेल्या लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. विरोधकांनी यातल्या कोणालाही पाडलं नाही, जॉन्सन आणि ट्रस दोघांनाही स्वपक्षानेच घरी पाठवलं. २०२४ ला मजूर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या, त्या मिळाल्या ३४ टक्क्यांपेक्षाही कमी मतांवर. आणि जागांचं बहुमत फार मोठं झालं तर काय होतं हे हंगेरीत दिसलं. २०१० ला ओर्बान यांच्या फिदेस पक्षाला निम्म्याहून थोडी जास्त मतं मिळाली, त्यांच्या दोन तृतीयांश जागा झाल्या आणि त्या बळावर विरोधकांना न जुमानता नवी राज्यघटना लिहिली गेली. ती २०१२ पासून लागू झाली. टिकाऊपणाच्या कसोटीवर ते सरकार अव्वल ठरेल. तुमच्या कसोटीवर माझा आक्षेप आहे तो इथेच.

सरकार किती दिवस टिकलं यापेक्षा ते पडतं कसं आणि पडल्यावर काय होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. जर्मनीने हा विचार सगळ्यात खोलवर केला, कारण त्यांनी सगळ्यात जास्त भोगलं. वायमार प्रजासत्ताकात (पहिल्या महायुद्धानंतरच्या, हिटलरच्या आधीच्या जर्मनीत) एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष सरकार पाडायला एकत्र यायचे, नवं बनवायला मात्र कोणी नसायचं. म्हणून १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे तिथल्या राज्यघटनेत, ६७ वं कलम आलं: चॅन्सेलरवर (तिथल्या पंतप्रधानावर) नुसता अविश्वास दाखवता येणार नाही, त्याच मतदानात त्याच्या जागी कोण ते बहुमताने निवडावं लागेल. एप्रिल १९७२ मध्ये चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध विरोधी पक्षनेते राइनर बार्त्सेल उभे राहिले. २४९ मतं हवी होती, २४७ पडली. (पूर्व जर्मनीच्या हेरखात्याने मत फोडायला पैसे चारले होते हे नंतर उघड झालं. घोडेबाजार त्यांनाही चुकलेला नाही.) १ ऑक्टोबर १९८२ ला मात्र हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानात हेल्मुट कोल आले. आता १७ एप्रिल १९९९ आठवा. वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. पर्यायी सरकारचा दावा झाला, आकडा जमला नाही, आणि ऑक्टोबरपर्यंत देश काळजीवाहू सरकारवर चालला. ६७ व्या कलमासारखी तरतूद आपल्याकडे असती तर त्या २७० जणांना आधी एका नावावर एकत्र यावं लागलं असतं. तुम्ही विचारलंत ना, युरोपाकडून नेमकं घ्यायचं काय? मी हे एक कलम घेईन.

स्वीडनचं उदाहरण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे आणि मला ते फार आवडतं. २९ नोव्हेंबर २०२१ ला माग्दालेना अँडरसन यांच्या बाजूने १०१ मतं पडली, विरोधात १७३, तटस्थ ७५. तरी त्या पंतप्रधान झाल्या. ३४९ जणांच्या तिथल्या सभागृहात पंतप्रधानाला बहुमत लागत नाही, त्याच्या विरोधात बहुमत नसलं की पुरतं. म्हणजे १७५ जण नको म्हणाले तरच अडतं. पाचच दिवस आधी त्या एकदा निवडून आल्या होत्या, पण त्याच दिवशी विरोधकांचा अर्थसंकल्प मंजूर झाला, ग्रीन पक्षाने आघाडी सोडली आणि त्यांनी काही तासांत राजीनामा दिला. सभागृह विसर्जित झालं नाही, आमदार-खासदार हॉटेलात कोंडून ठेवायची वेळ आली नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा मतदान, आणि सरकार कामाला लागलं.

इटलीबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. दोन्ही सभागृहांचा विश्वास लागतो, त्यामुळे सरकार पाडायला दोन दारं उघडी. पण तिथली खरी तक्रार अस्थिरतेची नव्हती. युद्धानंतर जवळपास अर्धशतक सरकारं पडत राहिली आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट प्रत्येक सरकारात होतेच. त्यांचे आंद्रेओत्ती सात वेळा पंतप्रधान झाले. लोकांना सत्तेवरून कोणाला हटवताच येत नव्हतं. तुमचा जाब विचारण्याचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू पडतो.

पण सगळीकडे नाही पडत. जर्मनीत युतीचा करार छापून लोकांसमोर ठेवतात. २०२५ चा १४४ पानांचा आहे आणि समाजवादी पक्षाने तो आपल्या सदस्यांच्या मतदानाला टाकला, मगच सही केली. कोणी काय कबूल केलं होतं हे शोधायला मतदाराला पत्रकार परिषदेतल्या वाक्यांवर अवलंबून राहावं लागत नाही. आणि आघाडीतला पक्ष शिक्षेतून सुटतो, हे तर आकड्यांत टिकतच नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ ला मजूर पक्ष ३८ जागा घेऊन पंतप्रधान मार्क रुटे यांच्या पक्षासोबत सत्तेत गेला, काटकसरीच्या धोरणांना त्याने साथ दिली, आणि २०१७ ला मतदारांनी त्याला ९ जागांवर आणून ठेवलं. ब्रिटनमध्ये २०१० ला हुजूर पक्षाच्या कॅमेरून यांच्याशी युती करणारे लिबरल डेमोक्रॅट २०१५ ला ५७ वरून ८ वर आले. रुटे आणि कॅमेरून मात्र दोघेही पंतप्रधान राहिले. धाकट्या भागीदाराला मतदार फोडून काढतो आणि थोरला बऱ्याचदा निभावून जातो, असं का होतं, हा प्रश्न मला तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा जास्त सतावतो. त्यावर तुमचं मत जरूर लिहा.