दाद देण्यास सक्त मनाई

लाइपझिगला लेकीकडे होतो, म्हणून ३१ डिसेंबरला गेवांडहाउस या तिथल्या संगीत-सभागृहात बेथोव्हेनची नववी सिंफनी ऐकायचा योग आला. १९१८ साली, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, या गावाने वर्षअखेरीला नववी वाजवायला सुरुवात केली. तेव्हा मध्यरात्र गाठायची म्हणून रात्री ११ला सुरू केली होती. हल्ली लवकर आटोपतात.

जावयांनी आधीच बजावलं, "बाबा, चार भाग आहेत. मधे टाळ्या नाहीत, आणि 'वाह' तर नाहीच." सवाई गंधर्वला सम आली की मांडीवर थाप मारण्यात आमची हयात गेली. तासाभराहून जास्त वेळ हातांचं करायचं काय?

पहिला भाग संपला आणि अख्खं सभागृह एकदम खोकलं. खोकायला परवानगी असते. दाद द्यायला नसते. दुसऱ्या भागात नगारे मधेच असे कडाडले की 'क्या बात है' दातांपर्यंत आलं. हिने वेळेवर चिमटा काढला. ७ मे १८२४ला व्हिएन्नात ही पहिल्यांदा वाजली, तेव्हा याच नगाऱ्यांना म्हणे लोकांनी मधेच टाळ्या दिल्या होत्या. बेथोव्हेनला ऐकू येत नव्हतं. तो पाठमोरा उभा, शेवटी कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवलं. त्या बहिऱ्या माणसासाठी सभागृह दणाणलं, आणि धडधाकट कानांचे आम्ही हाताची घडी घालून!

मागे कोरस तीन भाग नुसता बसून. त्यांच्या चिकाटीला तरी दाद द्यायला हवी होती.

चौथा भाग म्हणजे सरळ कांदेपोहे. पहिल्या भागाची धून येते, चेलो-बास ही खर्जातली तंतुवाद्यं नापसंत करतात. दुसऱ्याची, नको. तिसऱ्याची जरा बरी वाटते, तीही नको. मग स्वतःच हळूच एक साधी धून काढतात. हीच ती जगप्रसिद्ध 'ओड टू जॉय'!

पुढे कोरस देवापर्यंत जाऊन थांबतो. क्षणभर शांतता. आणि मग बासून हे खर्जातलं फुंकवाद्य आणि मोठा ढोल चक्क 'भुप्... भुप्' करत लष्करी चालीवर निघतात. मला हसू फुटलं, ते दाबायला खोकल्याची गोळी काढली, तर तिच्या कागदाची कुरकुर झाली. वर शिलर या जर्मन कवीच्या ओळी चालल्या होत्या, सारी माणसं भाऊ-भाऊ होतील वगैरे. पुढच्या बाईंनी वळून जे पाहिलं, त्यात बंधुभाव शोधूनही सापडला नसता.

अखेर एकदाचा धडाका होऊन सगळं संपलं. आम्ही साठवलेली सगळी दाद मोकळी केली. जर्मन मंडळी मात्र उभी राहिली ती थांबेचनात. कंडक्टर आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. तळहात लाल झाले.

हिने कानाशी येऊन विचारलं, "अहो, आता थांबलं तर चालतं का?"