पोपचा फोन भुसावळला येत नाही

गेल्या आठवड्यात दोन दिवसांत एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवर आला. एक धुळ्याच्या शाळासोबत्यांचा, एक भुसावळच्या रेल्वे कॉलनीचा, एक केळीच्या भावांचा (मी त्यात कसा आलो ते मलाही आठवत नाही). चौथा आमच्याच मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा. तिथे एका काकांनी ‘बघा आपल्याबद्दल काय फिरतंय’ म्हणून टाकला आणि खाली नेहमीप्रमाणे तीन हात जोडलेले आले.

मेसेजचा सारांश असा. ख्रिस्ती समाज ही वरून खाली सोडलेली साखळी आहे. पोप सांगतात, बिशप पुढे पाठवतात, पाळक म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू ते गावात पोचवतात आणि लोक मान डोलावतात. त्यामुळे मोठे धर्मगुरू काय बोलतात तेवढं ऐकलं की गावातल्या ख्रिस्ती माणसाच्या मनात काय आहे ते कळतं. पुराव्याला 1999 ची पोपची दिल्लीभेट, 2018 ची चर्चची दोन पत्रं आणि टीव्हीवरचे प्रचारक. शेवटी सवाल: पटत नसेल तर यांच्यातला कोणी विरोध का करत नाही?

माझे वडील भुसावळला रेल्वेत होते, मी नवापूर तालुक्यात शिक्षक आहे आणि दर रविवारी उपासनेला जातो. म्हणजे मेसेज ज्याच्या मनातलं ओळखतो म्हणतो तो माणूस मी. मुद्दे एकेक करून घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

‘पोप हे समस्त ख्रिस्त्यांचे प्रमुख.’ नाहीत. जगात ख्रिस्ती 230 कोटींच्या वर आहेत, त्यातले पोपना मानणारे कॅथलिक साधारण 140 कोटी. उरलेल्या 90 कोटींसाठी पोप म्हणजे आदराने नाव घ्यावं असे दुसऱ्या घरचे वडीलधारे, फार तर. नवापूर पट्ट्यातल्या मावची, भिल्ल कुटुंबांपर्यंत ख्रिस्ती वचन नेलं त्यात मोठा वाटा स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेचा. त्या मिशनच्या लोकांना पोप तर नव्हताच, बिशपही नव्हता. त्या परंपरेतल्या मंडळ्यांचा कारभार अजून गावातली पंच कमिटी बघते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला बिशप आहेत, पण ते चर्च 1970 साली नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चनी एकत्र येऊन उभं केलं, रोमहून आलं नाही. खान्देशातले कॅथलिक नाशिक धर्मप्रांतात येतात, त्यांच्यापुरती पोपची साखळी खरी. पण तीही एकाच दिशेने चालते: पोप बिशप नेमतात, बिशप फादरांची बदली करतात. पोपची निवड कार्डिनल, म्हणजे पोपनीच नेमलेले वरिष्ठ धर्मगुरू, करतात. 2025 साली मत द्यायला 133 कार्डिनल बसले होते, त्यांत भारतातले चार. नंदुरबारच्या मिरची बाजारात पोती उचलणाऱ्या कॅथलिक माणसाला त्यात कोणी विचारलं नाही, विचारायची रीतच नाही. ज्याला आपण निवडलं नाही आणि काढूही शकत नाही, तो आपला वरिष्ठ असू शकतो. प्रतिनिधी हा शब्द तिथे बसत नाही.

‘1999 साली पोप दिल्लीत म्हणाले की तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचं मोठं पीक येईल.’ म्हणाले, खरं आहे. दिवस नेमके दिवाळीचे होते, त्यामुळे ते जास्तच खुपलं. मला विचाराल तर शब्दांची निवड चुकली, आणि तेव्हा आमच्या घरी वडीलही हेच म्हणाले होते. पण त्या वाक्याचा जाब धुळ्यातल्या रिक्षावाल्याने मला विचारला, “तुमना पोप काय म्हनस?” मी सांगितलं, भाऊ, मी प्रॉटेस्टंट. तो म्हणाला, ते काय असतं? उतरेपर्यंत त्याला 1517 साली मार्टिन ल्यूथरने रोमच्या चर्चविरुद्ध आवाज कसा उठवला ते सांगत बसलो. भाडं मात्र त्याने पूर्ण घेतलं.

आता मतांचा मुद्दा. मेसेजचा खरा रोख इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. 2018 च्या मे महिन्यात दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या चर्चना पत्र लिहिलं. देशातलं राजकीय वातावरण अस्वस्थ आहे, 2019 ची निवडणूक येते आहे, तेव्हा देशासाठी प्रार्थना करा, शुक्रवारी उपास करा, असा त्याचा आशय. त्यावर गदारोळ झाला. त्याआधी फेब्रुवारीत नागालँडच्या बॅप्टिस्ट (हाही एक प्रॉटेस्टंट पंथ) चर्च कौन्सिलचं पत्र आलं होतं, ते कितीतरी कडक होतं. सत्तेसाठी आणि पैशासाठी श्रद्धा विकू नका, असं त्यात बजावलेलं, आणि रोख भाजपवर होता हे लपलेलं नव्हतं. मेसेज इथे थांबतो, कारण पुढचं त्याला परवडत नाही. 2011 च्या जनगणनेत नागालँडची जवळपास 88 टक्के लोकसंख्या ख्रिस्ती आहे, आणि त्यातले बहुतेक बॅप्टिस्ट. पत्र निघालं, लोकांनी वाचलं आणि मतदान झालं. भाजपने 20 जागा लढवल्या आणि 12 जिंकल्या. 2013 मध्ये एकच होती. म्हणजे ज्या राज्यात चर्चचं वजन सगळ्यात जास्त, तिथेच चर्चने एक सांगितलं आणि लोकांनी दुसरं केलं. त्यांनी बरोबर केलं की चूक, हा वाद वेगळा, आणि त्यावर आमच्या घरातच दोन तट आहेत. पण ‘सांगतील तिथे शिक्का मारतात’ हा दावा त्या निकालापुढे उभा राहत नाही.

आणि हे फक्त मतपेटीपुरतं नाही. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवलं. आधीच्या पोपनी नेमलेल्या आणि त्यांनी स्वतः वाढवलेल्या आयोगातल्या बहुमताने सूट द्यावी असं सुचवलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. आज व्हॅटिकनच्या भोवतीच्या इटलीत बाईमागे सरासरी सव्वा मूलही नाही. हे सगळं ब्रह्मचर्याने झालं, असं मानायला मोठी श्रद्धा लागेल. खान्देशातल्या कॅथलिक घरांतही ‘हम दो हमारे दो’च्या काळात ऑपरेशनं झालीच. त्यासाठी बिशपांची परवानगी मागितलेली निदान माझ्या ऐकण्यात नाही.

आमच्या मंडळीचं सांगतो. चार वर्षांपूर्वी पाळकसाहेबांच्या मनात नवीन साउंड सिस्टीम होती. मोठी, स्टेजवर लावतात तशी. बायकांचं म्हणणं, आधी पंखे. मे महिन्यात पत्र्याखाली दोन तास बसून बघा म्हणे. वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी स्तुतिगीतांचं महत्त्व सांगितलं, वचनही वाचलं. मग मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. त्यांनी विचारलं, देवाला ऐकू कमी येतं का? हशा झाला, हात वर झाले, पंखे मंजूर. आजींचं नाव कुठल्या वृत्तपत्रात येत नाही. पाळकसाहेब मात्र नाताळाला कलेक्टरांना केक द्यायला जातात आणि फोटोखाली छापून येतं, ‘ख्रिस्ती समाजाच्या वतीने’.

टीव्हीवरच्या प्रचारकांवर शाई खर्च करायची गरज नाही. त्यांना कोणत्याही मंडळीने निवडलेलं नसतं. बघणारे असतात, बस. रोज सकाळी राशिभविष्य बघणाऱ्या सगळ्या हिंदूंचा प्रतिनिधी तो ज्योतिषी होत नाही, तसंच.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने मान्य करतो. काही बाबतींत धर्मगुरू बोलतात ते खरोखर आमचंच असतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. यावर बिशप दिल्लीत निवेदन देतात, तेव्हा ते नगर-जालन्याच्या वस्तीतल्या माणसाचंच दुखणं मांडतात. आमच्या आदिवासींचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही, त्यामुळे नवापूरला हा प्रश्न तसा भिडत नाही. पण ज्या चर्चचे नेते सरकारकडे न्याय मागतात, त्याच चर्चमध्ये दलितांतून आलेला पहिला कार्डिनल व्हायला 2022 साल उजाडलं, हेही आम्हीच बोलतो, आपसात आणि मोठ्याने.

यावरून शेवटचा सवाल: ‘विरोध का करत नाहीत?’ करतात, तुमच्या ग्रुपवर येऊन करत नाहीत एवढंच. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या धर्मभगिनींना कळवलं, की आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनरी नाराज झाले, टिळक थांबले नाहीत. हे जुनं वाटत असेल तर केरळ बघा. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, म्हणताना फादरांनी तोंड लोकांकडे ठेवायचं की वेदीकडे, यावर तिथल्या सिरो-मलबार या कॅथलिक चर्चच्या बिशपांनी 2021 साली एकच पद्धत ठरवली. एर्नाकुलमच्या फादरांनी आणि लोकांनी ती धुडकावली, आणि भांडण इतकं वाढलं की 2022 च्या अखेरीस तिथलं मुख्य चर्च बंद ठेवावं लागलं.

मंडळीच्या ग्रुपवर मी यातलं थोडं टाकलं. काकांनी अंगठा दिला. शाळेच्या ग्रुपवर मित्राने विचारलं, “मग तुमच्या वतीने नक्की बोलतं तरी कोण?” मी त्याला जानेवारीतल्या सभेचं आमंत्रण दिलं आहे. यंदा आजींचा विषय बाथरूमच्या दाराचा आहे, आणि पाळकसाहेबांनी साउंड सिस्टीम पुन्हा काढली आहे.