पट्टी सरकवली की १.६१८ सापडतोच

तो मेसेज पुन्हा फिरतोय. सूर्यफूल, शंख, पिरॅमिड, मोनालिसा, एका देखण्या चेहऱ्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघा आणि शेवटी ठळक अक्षरांत 'विश्वनिर्मात्याची सही: १.६१८'. त्यातले दावे थोडक्यात सांगायचे तर असे. हा आकडा निसर्गात जिथे तिथे आहे. प्राचीन लोकांना तो ठाऊक होता, म्हणून अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर आणि इजिप्तचे पिरॅमिड त्यावर उभे आहेत. लिओनार्डोने तो चित्रांत पेरला. माणसाचं शरीर त्यावरच बेतलेलं आहे. आणि डोळ्यांना जे जे सुंदर वाटतं, अगदी बँकेच्या कार्डापासून कंपन्यांच्या लोगोपर्यंत, ते सगळं याच गुणोत्तरात असतं.

माझं पोट डिझाइनवर चालतं. त्यामुळे 'तुझ्या कामाचं आहे' म्हणत हा मेसेज कुणी ना कुणी मला पाठवतंच. दर वेळी अंगठा दाखवून गप्प बसण्यापेक्षा एकदाच नीट उत्तर लिहितो.

आधी हा आकडा म्हणजे काय ते. एका रेघेचे दोन असमान तुकडे करायचे, असे की अख्खी रेघ मोठ्या तुकड्याच्या जितकी पट, तितकीच पट मोठा तुकडा लहान तुकड्याच्या. ही पट निघते (१+√५)/२, म्हणजे १.६१८०३३… आणि पुढे न संपणारी दशांश स्थळं. इ.स.पू. ३०० च्या आसपास युक्लिडने हे विभाजन मांडलं, पण सौंदर्यासाठी नव्हे. त्याला नियमित पंचकोन आखायचा होता. पंचकोनाच्या कर्णाला बाजूने भागा, उत्तर नेमकं हेच येतं. 'जवळपास' नाही, 'साधारण' नाही, तंतोतंत.

याला आज 'सुवर्ण गुणोत्तर' किंवा 'फाय' म्हणतात. त्यातलं 'सुवर्ण' हे विशेषण छापील स्वरूपात दिसतं ते थेट १८३५ मध्ये, मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पाठ्यपुस्तकात. आणि मानवी शरीर, कला, निसर्ग या सगळ्यांचा हा एकच नियम आहे, असा डंका पिटला अडॉल्फ झायसिंगने, १८५४ साली. मेसेजमधलं 'हजारो वर्षांचं रहस्य' ते हेच, वय पावणेदोनशे वर्षांच्या आत.

आता एकेक दावा.

'पार्थेनॉन सुवर्ण आयतात बसतं', म्हणजे ज्याच्या बाजूंचं प्रमाण १.६१८ आहे अशा आयतात. फोटोवर आखलेला आयत पाहा. वरची रेघ छपराच्या त्रिकोणी टोकाला टेकवलेली असते, आणि ते टोक आज शिल्लकच नाही, अंदाजाने धरलेलं आहे. खालची रेघ कधी पायऱ्यांच्या वर, कधी मधल्या पायरीवर, कधी पार जमिनीशी. उत्तर हवं तसं येईपर्यंत खालची रेघ सरकते. त्यापेक्षा मोजलेले आकडे घेऊ. खांब ज्या चौथऱ्यावर उभे आहेत तो सुमारे ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे. भागाकार २.२५, म्हणजे ९:४. खांबांच्या मध्यांमधलं अंतर आणि खांबाचा बुंध्याशी व्यास यांचं प्रमाणही ९:४ च. बांधणाऱ्यांना एक प्रमाण प्रिय होतं हे उघड आहे. ते १.६१८ नव्हतं, इतकंच.

'गिझाचा महापिरॅमिड.' इथे मात्र मला थांबावंसं वाटतं, कारण हा दावा पहिल्या फटक्यात पडत नाही. खुफू राजाच्या या पिरॅमिडचा पाया सुमारे २३०.३ मीटर, मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर. पायाचा अर्धा ११५.१५. पायथागोरसने तिरप्या बाजूची उंची काढली की येते १८६.४. तिला ११५.१५ ने भागा: १.६१९. मेसेज लिहिणारा इथे उड्या मारतो, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मीही चपापलो होतो.

मग तोच पिरॅमिड दुसऱ्या बाजूने मोजा. पायाचा परीघ भागिले उंची: ६.२८४. म्हणजे पाय (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) या संख्येची दुप्पट. आता काय म्हणायचं, बांधणाऱ्यांनी एकाच दगडी ढिगात फाय आणि पाय दोन्ही लपवले?

उत्तर त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीत आहे. इजिप्तमध्ये एक हात म्हणजे सात तळवे. भिंतीचा उतार ते अंशांत सांगत नसत. एक हात उंची चढताना भिंत किती तळवे आत सरकते, ते सांगत. या मापाला 'सेकेद' म्हणत, आणि त्यावरची उदाहरणं इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये सोडवून दाखवलेली आहेत. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद आहे साडेपाच तळवे. पाया ४४० हात, उंची २८० हात. उंची आणि अर्धा पाया यांचं प्रमाण २८०:२२०, म्हणजे १४:११. बस, एवढंच. १४:११ घेतलं की तिरप्या बाजूचं गुणोत्तर आपोआप १.६१८६ येतं आणि परीघाचं गुणोत्तर आपोआप २२/७ ची दुप्पट येतं. गवंड्याच्या हातात होता एक सोपा उतार, दोन्ही 'रहस्यं' त्यातूनच टपकली.

शंका असेल तर शेजारच्या पिरॅमिडकडे वळा. तो खुफूच्या मुलाचा, खाफ्रेचा. त्याचा सेकेद सव्वापाच तळवे, म्हणजे ४:३ चा उतार, आणि आपलं गुणोत्तर तिथे ५/३, म्हणजे १.६६७. बापाला विश्वाचं रहस्य कळलं होतं आणि ते त्याने पोराला सांगितलं नाही, असं मानायचं असेल तर माना.

'लिओनार्डोने मोनालिसा सुवर्ण गुणोत्तरात रंगवली.' फळी ७७ × ५३ सेंटिमीटर आहे, भागाकार १.४५. चेहऱ्यावरचा आयत कपाळापासून सुरू करायचा की केसांपासून, हनुवटीला संपवायचा की गळ्याला, हे ज्याने आखला त्यालाच माहीत. या दाव्याचा उगम कुठे असावा ते मात्र समजण्यासारखं आहे. लुका पाचोली या गणितज्ञाने १५०९ मध्ये या गुणोत्तरावर 'दैवी प्रमाण' नावाचा ग्रंथ छापला आणि त्यातल्या घनाकृतींची चित्रं लिओनार्डोने काढली. पण वास्तुकलेकडे वळल्यावर खुद्द पाचोली साधे पूर्णांकी अपूर्णांकच वापरायला सांगतो. आणि वर्तुळ-चौकोनातला तो हातपाय पसरलेला माणूस? चित्राच्या वर-खाली लिओनार्डोने उलट्या अक्षरांत मापं लिहून ठेवली आहेत: हनुवटीपासून केसांच्या मुळापर्यंत उंचीचा दहावा भाग, हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत आठवा भाग, पसरलेल्या हातांची लांबी उंचीइतकी. सगळे शाळकरी अपूर्णांक. चित्रकाराने स्वतः लिहिलेलं बाजूला ठेवून आपण त्याच्यावर रेघा मारतो, याची गंमत वाटते.

निसर्गाकडे येतो. इथे मेसेज अर्धा खोटा आहे आणि अर्धा खरा, आणि खरा भाग मेसेजमध्ये आहे त्याहून कितीतरी सुरस आहे.

खोटा भाग शंखाचा. नॉटिलस या समुद्री जिवाचा शंख मधोमध कापला की सुंदर सर्पिल दिसतं. ते लॉगरिदमिक सर्पिल आहे हे खरं; प्राणी वाढतो पण शंखाची ठेवण बदलत नाही, म्हणून तसं होतं. मात्र असं सर्पिल कुठल्याही वाढीच्या दराने काढता येतं. सुवर्ण सर्पिल दर पाव फेऱ्याला १.६१८ पट फुगतं, म्हणजे पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट. नॉटिलस पूर्ण फेऱ्यात फुगतो साधारण तिप्पट. दोन्ही सर्पिलं एकमेकांवर ठेवा, अर्ध्या फेऱ्यातच ती फारकत घेतात. म्हणूनच त्या चित्रांत शंख नेहमी पुसट असतो आणि सर्पिल जाड.

खरा भाग सूर्यफुलाचा. फुलाच्या मध्यावर एकेक नवा अंकुर जन्मतो आणि आधीचे बाहेर ढकलले जातात. प्रत्येक नवा अंकुर मागच्यापासून किती अंश वळून बसतो, यावर सगळी मांडणी ठरते. समजा पाव फेरा, ९० अंश. मग सगळ्या बिया चार सरळ रांगांत लागतील आणि मधली जागा वाया जाईल. फेऱ्याचा दुसरा कुठलाही अपूर्णांक घ्या, त्याच्या छेदाइतक्या रांगा. अपूर्णांक नको तर अपरिमेय संख्या घेऊ, म्हणून पायच्या पटीत वळवलं तर? पाय २२/७ च्या इतका जवळ आहे की सात पाकळ्यांच्या भिंगरीसारखे सात पट्टे पडतात. म्हणजे हवी अशी संख्या, जिच्या जवळ कुठलाच सोपा अपूर्णांक फिरकत नाही. त्या कसोटीवर सगळ्यात हट्टी संख्या फायच आहे. फेऱ्याची त्या प्रमाणात वाटणी केली की लहान तुकडा येतो १३७.५ अंशांचा, आणि सूर्यफुलात बहुधा तोच कोन सापडतो. डावीकडे-उजवीकडे वळणारी सर्पिलं मोजा: ३४ आणि ५५, मोठ्या फुलात ५५ आणि ८९.

फुलाला गणित येत नाही. नवा अंकुर दाटी कमीत कमी असेल तिथे बसतो, एवढंच. १९९२ मध्ये डुआडी आणि कुडे या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे थेंब तेलाच्या ताटलीत एकामागून एक सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलत होते, आणि त्यातून हीच सर्पिलं उमटली. ना बी, ना जनुक, ना सही. शिवाय नियम पोलादी नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांनी हौसेने वाढवलेली ६५७ सूर्यफुलं मोजली गेली. बहुतेकांत फिबोनाची संख्या (आधीच्या दोन मिळवून पुढची: १, २, ३, ५, ८…) निघाल्या, पण बऱ्याच फुलांनी दुसरेच आकडे दाखवले. आणि 'प्रत्येक फुलाच्या पाकळ्या फिबोनाचीच' म्हणणाऱ्याने मोहरीचं फूल बघावं. चार.

याच मेसेजची एक आवृत्ती 'आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं' अशीही फिरते. यात एक गोष्ट खरी आहे आणि ती अभिमानानं सांगावी: १, २, ३, ५, ८, १३ ही संख्यामाला इटालियन गणितज्ञ फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी विरहांक, गोपाल आणि हेमचंद्र यांच्या छंदशास्त्रात आहे. लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? गुरू-गुरू, लघु-लघु-गुरू, लघु-गुरू-लघु, गुरू-लघु-लघु आणि चार लघु. पाच प्रकार. पाच मात्रांसाठी आठ, कारण शेवटी लघु असेल तर आधीचे चारचे पाच प्रकार, गुरू असेल तर तीनचे तीन. पण इथे प्रश्न मोजणीचा होता, सौंदर्याच्या गुणोत्तराचा नव्हे. शेजारच्या संख्यांचा भागाकार १.६१८ कडे सरकतो, त्याचं काव्याशी देणंघेणं नाही. हेमचंद्राला जे सुचलं ते पुरेसं मोठं आहे, त्याच्या तोंडी दुसरं काही घालायची गरज नाही.

शरीराचं पटकन उरकतो. उंची भागिले बेंबीची उंची हे प्रमाण माणसागणिक बदलतं, आणि तान्ह्या बाळाची बेंबी तर जवळपास मध्यावर असते. डीएनएच्या एका वेढ्याची लांबी ३४ आणि रुंदी २१ अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं एकक) असं मेसेज सांगतो. रुंदी साधारण २० धरतात. मधमाश्यांच्या पोळ्यात माद्या आणि नर १.६१८ च्या प्रमाणात असतात म्हणे. भरल्या पोळ्यात कामकरी माश्या हजारोंनी असतात, नर शेकड्यांनी.

आता माझ्या गल्लीतला विषय. बँकेचं कार्ड ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर, भागाकार १.५८६. ए४ कागद १.४१४, आणि त्यामागे ठोस कारण आहे: मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहतं. कॅमेऱ्याची जुनी फ्रेम ३:२, आजचे पडदे १६:९. डोळ्यांना १.६१८ च आवडतं याचा पुरावा म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ फेखनरचा १८७६ चा प्रयोग पुढे करतात. दहा आयतांपैकी सुवर्ण आयताला सर्वाधिक, सुमारे ३५ टक्के मतं पडली, हे खरं. पण त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही भरपूर पडली. म्हणजे लोकांना फार लांबट नको आणि फार चौकोनी नको. याच फेखनरने संग्रहालयांतल्या चित्रांची मापंही घेतली, आणि ती ५:४ आणि ४:३ च्या आसपास निघाली. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

लोगो १.६१८ वर बेतलाय हे दाखवायला त्यावर वर्तुळं आखतात, त्यांबद्दल मी साक्षीदार म्हणून बोलतो. एकदा मी एक लोगो डोळ्याच्या अंदाजाने, पुसून पुसून बसवला. ग्राहकाला आवडला, पण 'यामागचं लॉजिक काय?' असं विचारून त्याने पैसे अडकवले. मी एक संध्याकाळ बसलो. १, १.६, २.६, ४.२, ६.९ अशा आकारांची वर्तुळं घेतली आणि लोगोवर टाकत गेलो. पंधरा-वीस वर्तुळं टाकली की एखादी कड कुठे ना कुठे टेकतेच. जी टेकली नाहीत ती पुसली. उरलेल्या सहांची रेघ जरा जाड केली. ग्राहक खूश, आणि लोगोपेक्षा ते वर्तुळांचं चित्रच त्याने जास्त लोकांना दाखवलं.

म्हणून माझी अट साधी आहे. कुठून कुठपर्यंत मोजणार आणि किती चूक चालवून घेणार, हे पट्टी उचलण्याआधी सांगा. मग १.६१८ आला तर मी चहूकडे सांगत फिरेन.

कलाकारांनी हे गुणोत्तर जाणूनबुजून वापरलंच नाही, असं मात्र नाही. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएने १९४० च्या दशकात 'मॉड्युलॉर' ही मापांची पद्धत त्यावर उभारली आणि मार्सेयच्या वसाहतीपासून चंदीगडपर्यंत ती वापरली. त्यातला आदर्श माणूस १.८३ मीटर उंच आहे, बेंबी १.१३ वर, भागाकार चोख १.६१९. पण आधी हा माणूस १.७५ मीटरचा होता. त्यावरून निघालेली मापं फूट-इंचांत नीट बसेनात. तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवलं की इंग्रजी गुप्तहेरकथांतले देखणे पुरुष, म्हणजे पोलीस वगैरे, नेहमी सहा फुटी असतात. कॉर्बुझिएने माणूस सहा फुटांचा केला, आणि बेंबी पाच सेंटिमीटर वर गेली.