डॅशबोर्डामागे कोण बघतो?

गाडीत टचस्क्रीन बसवून देणाऱ्या दुकानदारांनी इंदूरमध्ये जो उच्छाद मांडला आहे, त्याविषयी आता कोणीतरी स्पष्ट शब्दांत लिहायला हवे, कारण आपली मंडळी फसतात, चार दिवस चडफडतात आणि पुढे "स्वस्तातला माल, असाच असायचा" असे म्हणून गप्प बसतात. स्वस्त माल स्वस्तासारखा असावा, याला माझी काहीच हरकत नाही. पडदा थोडा फिका असेल, कडेची फ्रेम खड्ड्यातून जाताना करकरेल, आवाज बेताचा असेल, हे सगळे त्या किमतीत समजून घेता येते. पण खोक्यावर धडधडीत खोटे छापायचे, गाडीच्या मूळ वायरी ब्लेडने कापायच्या आणि वर "भिया, कुछ नी होता" असे सांगून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचे, याला स्वस्ताई म्हणत नाहीत.

खोक्यापासूनच सुरुवात करतो. आमच्या घरी गाडी एकच, आणि तिच्यासाठी दादाने हौसेने जो सेट बसवून आणला त्याच्या खोक्यावर "८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १३" असे ठसठशीत छापलेले होते. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले तरी पडद्यावर तेच आकडे येत होते. तरीही नकाशा उघडायला घेतला की गाणे अडखळायचे आणि गाणे सरळ चालू राहिले तर नकाशा एका जागी थिजायचा, म्हणून हार्डवेअरची खरी माहिती वाचून दाखवणारे एक फुकटचे अ‍ॅप मी त्यात टाकले. आतून निघाली एसी८२२७एल नावाची चिप, म्हणजे प्रोसेसरची रचना करणाऱ्या एआरएम कंपनीने २०११ साली जाहीर केलेल्या कॉर्टेक्स-ए७ या ३२ बिटांच्या जुनाट रचनेचे चार कोअर. रॅम निघाली २ जीबी आणि अँड्रॉइड निघाले ८.१, म्हणजे २०१७ सालचे. सेटिंगच्या पानावर दिसणारे आकडे यंत्र मोजून सांगत नसून ते कारखान्यातच तिथे लिहून ठेवलेले असतात, ही गोष्ट दुकानात कोणाला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. दुकानातला पोरगा ८८८८ किंवा १२६ असा संकेतांक टाकून कारखान्याचे गुप्त सेटिंग उघडतो आणि सेट चालू होताना आपल्या गाडीच्या कंपनीचे बोधचिन्ह झळकेल अशी व्यवस्था करून देतो, तेव्हा बिचाऱ्या गिऱ्हाइकाला वाटते की हा अस्सल कंपनीचाच माल आहे. इतकी कसबी माणसे त्यात रॅम किती आहे हे ओळखू शकत नाहीत काय?

त्याच खोक्यावर "४×६० वॅट" असेही लिहिलेले असते. चार साठे दोनशे चाळीस. सेटच्या पाठीला जो फ्यूज असतो तो दहा अँपिअरचा, आणि गाडी चालू असताना मिळणारा दाब फार तर १४.४ व्होल्ट, गुणाकार केला तर आत जाणारी एकूण वीजच १४४ वॅट भरते. १४४ घेऊन २४० देणारे यंत्र ज्याने बनवले त्याने ते हॅचबॅकच्या डॅशबोर्डात दडवून न ठेवता सरळ वीज मंडळाला विकावे. या सेटमध्ये सर्रास आढळणारी, स्पीकरचा आवाज वाढवणारी टीडीए७३८८ ही चिप तिच्या स्वतःच्या तांत्रिक पत्रकानुसार १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला २६ वॅट देते, आणि तेही आवाजातली दहा टक्के विकृती सोसून. आवाज अर्ध्याच्या वर नेला की गाणे फाटते ते यामुळे, आणि त्यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते की तुमचे स्पीकर जुने झाले, नवे घ्या.

पण आकड्यांच्या खोटेपणाने फार तर कान किटतात. माझा खरा संताप आहे तो वायरींवर. कंपनीच्या मूळ रेडिओच्या मागे एक कपलर, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लग, असतो आणि जवळजवळ प्रत्येक गाडीसाठी त्या कपलरला नेमके बसणारे वायरिंग किट काही शे रुपयांत बाजारात मिळते. ते खटकन लावले की एकही वायर कापावी लागत नाही, आणि उद्या जुना रेडिओ परत बसवायचा झाला तर तो पाच मिनिटांत बसतो. एवढे असूनही हे लोक ते किट वापरत नाहीत, कारण ते काही शे रुपये त्यांच्या नफ्यातून जातात. मग मूळ कपलर कापून टाकला जातो, वायरीचे टोक दाताने सोलले जाते, दोन टोके पिळून एकमेकांत गुंतवली जातात, वर काळी टेप गुंडाळली जाते आणि सगळा गुंता डॅशबोर्डाच्या पोकळीत कोंबून पॅनेल दाबून बसवले जाते. सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवणे हा शब्दप्रयोगसुद्धा त्या दुकानात कोणी ऐकलेला नसावा.

आमची गाडी सकाळी सेल्फ घेईनाशी झाली तेव्हा दुकानदाराने फोनवरच "बॅटरी डाउन हो गई होगी, नई डलवा लो" असा निकाल दिला. सुदैवाने बाबांनी नव्या बॅटरीआधी रामबागेतल्या आमच्या जुन्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने प्लास्टिकच्या पट्टीने पॅनेल उचकटले, सेट पुढे ओढला आणि मागचा गुंता हातात धरून नुसता आमच्याकडे पाहत राहिला. इंदूरचा पारा मे महिन्यात ४२-४३ अंशांवर जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. त्या तापाने टेपचा डिंक पाघळून पायमोजा घोट्यावर ओघळावा तशी टेप वायरींवरून खाली ओघळली होती आणि तांब्याची उघडी टोके एकमेकांपासून बोटभर अंतरावर लोंबत होती. छतावरच्या अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणारी निळी वायर कशालाच जोडलेली नव्हती. एका स्पीकरची ऋण वायर सरळ बॉडीच्या बोल्टला आवळलेली होती. आवाजाच्या या चिपमध्ये स्पीकरची दोन्ही टोके चिपकडूनच चालवली जातात, त्यांतले एकही बॉडीला लावायचे नसते, ही या धंद्यातली बाराखडी आहे. आणि कहर म्हणजे फ्यूजच्या दोन्ही पायांना बाहेरून तांब्याची तार गुंडाळलेली होती, जेणेकरून फ्यूज पुन्हा कधी उडू नये आणि गिऱ्हाइकाने तक्रार घेऊन परत येऊ नये. फ्यूज उडतो तो गाडी वाचावी म्हणून. तो उडूच नये अशी तजवीज करणाऱ्या माणसाला गाडी जळाली तरी चालणार आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

बॅटरी का उतरत होती तेही तिथेच उघड झाले. अशा सेटला विजेच्या दोन वायरी असतात: पिवळी कायम बॅटरीला, आठवण टिकवण्यापुरती, आणि लाल चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनला. चावीची लाइन शोधायला मीटर लावावा लागतो, आणि मीटर लावायला दोन मिनिटे लागतात, म्हणून आमच्या थोर कारागिराने पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही बॅटरीवर सोडल्या होत्या. पडदा काळा दिसायचा, पण सेट रात्रंदिवस जागाच. बंद उभ्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत वीज ओढावी असा ठोकताळा आहे. हा सेट अर्ध्या अँपिअरच्या आसपास ओढत होता, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास, आणि आमच्या छोट्या पेट्रोल गाडीची अख्खी बॅटरीच ३५ अँपिअर-तासांची. तिसऱ्या दिवशी गाडीला धक्का मारावा लागला नसता तरच नवल. "नई डलवा लो" या सल्ल्यावर विश्वास ठेवून शहरात किती धडधाकट बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील, कोण जाणे.

रेडिओची कथा वेगळीच. बाबा विविध भारतीचे जुने श्रोते, त्यांना गाडीत दुसरे काही लागत नाही, आणि नव्या सेटवर विविध भारतीचे १०१.६ मेगाहर्ट्झ लागेचना. ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३ ही खासगी केंद्रे बरी-वाईट का होईना लागत होती, त्यामुळे दादाला वाटे की बाबांना सेट वापरता येत नाही. खरा प्रकार असा होता की सेटमध्ये एफएमचा प्रदेश अमेरिका असा ठेवलेला होता. तिकडे केंद्रे ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि कायम विषम दशांशावर असतात, म्हणून आकडा १०१.५ वरून थेट १०१.७ वर उडी मारायचा आणि मधल्या १०१.६ वर कधी थांबायचाच नाही. खासगी केंद्रे योगायोगाने विषम आकड्यांवर असल्यामुळे बचावली. हे सेटिंग बदलायला अर्धा मिनिट लागतो. दुकानदाराने मात्र बाबांचे बोलणे पुरते ऐकूनही न घेता "अंकल, एंटीना कमजोर है, बूस्टर लगेगा" असे सांगून बूस्टरचे पैसे उकळले, आणि तो बूस्टर ज्या निळ्या वायरीवर चालायचा तीच त्याने मोकळी सोडली होती.

मागच्या कॅमेऱ्याविषयी थोडक्यात लिहितो, नाहीतर रक्तदाब वाढेल. सेट थंड अवस्थेतून चालू व्हायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ घेतो आणि आमच्या गल्लीत गाडी काढायची म्हणजे चावी फिरवली की पहिल्यांदा रिव्हर्सच. तेव्हा कॅमेऱ्याची गरज असते नेमके त्या क्षणी पडद्यावर बोधचिन्ह गरगरत असते. पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा कोणत्याच गाडीच्या मापाने आखलेल्या नसतात आणि स्टीअरिंग वळवले तरी त्या हलत नाहीत. त्यांच्यावर विसंबणाऱ्याचा बंपर ओट्याला लागणारच. रात्री तर आणखी छळ, कारण दिव्यांबरोबर पडदा मंद करणारी नारिंगी वायर कोणी जोडतच नाही आणि बायपासवर नऊ इंचांचा पांढरा उजेड थेट डोळ्यांत येतो. हँडब्रेक ओढलेला असल्याशिवाय व्हिडिओ चालू न देणारी वायर मात्र आठवणीने हँडब्रेकऐवजी बॉडीला लावून दिली जाते, म्हणजे गाडी पळत असताना चालवणाऱ्याला व्हिडिओ बघता यावा! बाकी सगळ्या वायरींचा आळस, आणि जी बॉडीला लावायची नाही तिच्याबाबत केवढी ही तत्परता.

नव्या गाड्यांत याहून वाईट अवस्था होते. १९८६ साली बॉश कंपनीने मांडलेली कॅन बस ही संदेशवहनाची पद्धत आज बहुतेक गाड्यांत असते, आणि स्टीअरिंगवरची बटणे, पार्किंग सेन्सर, दार उघडे असल्याची सूचना असे बरेच काही तिच्यावरून येते. तिथे ते संदेश सेटला समजतील असे करून देणारा, त्या गाडीसाठी बनवलेला डीकोडर लागतो. तो न लावता किंवा भलताच लावून काम उरकले की बटणे मरतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या गाडीची स्टीअरिंगवरची सगळी बटणे अशीच गेली, वर पॅनेलमागे झालेल्या ओढाताणीत एअरबॅगचा दिवा लागून बसला, आणि सर्व्हिस सेंटरने कापलेल्या वायरी पाहताच वायरिंगची वॉरंटी नाकारली. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

शिवाय ज्या सेटची रॅम खोटी, त्यातले सॉफ्टवेअर तरी स्वच्छ असेल याची हमी कोण देणार? अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० या प्रकाराविषयी जाहीर इशारा दिला, त्यात कारखान्यातूनच किंवा सुरुवातीची अ‍ॅप्स टाकताना घातक सॉफ्टवेअर शिरलेल्या उपकरणांमध्ये स्वस्त टीव्ही बॉक्सबरोबर गाडीत बाहेरून बसवायच्या सेटचाही उल्लेख होता. आपण मात्र अशा सेटला फोनचा हॉटस्पॉट देतो, सगळे संपर्क ब्लूटूथने त्याच्यात उतरवतो आणि त्यावरच गूगलचे खाते उघडतो. दुकानातला पोरगा तर खात्याचा पासवर्ड आपल्याकडून मागून स्वतःच टाकून देतो, आणि लोक तो देतात.

तक्रार करायची म्हटली तर हातात पक्के बिल नसते. बिल मागितले की "जीएसटी अलग से लगेगा" असे सांगून एका चिठ्ठीवर रक्कम खरडून दिली जाते, आणि त्या चिठ्ठीवर दुकानाचे नावसुद्धा नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, हे सारे खरे आहे. पण नाव नसलेल्या चिठ्ठीवरून खरेदी सिद्ध कशी करायची, हे दुकानदार आपल्यापेक्षा चांगले ओळखून असतो. दादा त्याला भेटायला गेला तेव्हा "चायना का माल है, टेस्टिंग वारंटी थी" एवढेच ऐकून परत आला.

टेस्टिंग वॉरंटी म्हणजे दुकानात पडदा उजळला तेवढ्यापुरती.

शेवटी आम्ही ठरवले की हा सेट काढून कंपनीचा मूळ रेडिओ परत बसवावा. पण तो दुकानदाराने बसवतानाच "पुराना क्या करोगे, पाँच सौ कम कर देता हूँ" म्हणून ठेवून घेतला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, तुमचा तर केव्हाच गेला, पण तशाच मॉडेलचा एक माझ्याकडे पडलेला आहे, दोन हजारांत देईन. आणि वायरी कापलेल्या असल्यामुळे कपलर जोडण्याची मजुरी वेगळी पडेल.