देवळात अभ्यासाला जाताना प्रश्नावली घरी ठेवा

समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र शिकणारी मुलं प्रकल्पासाठी देवळात जातात तेव्हा बहुतेकांच्या हातात एक छापील प्रश्नावली असते. 'आपण महिन्यातून किती वेळा दर्शनाला येता?' 'आपली या देवावर श्रद्धा आहे का?' 'या विधीचा अर्थ काय?' गेली बरीच वर्षं मी असे प्रकल्प वाचते, तपासते, आणि आता स्पष्टच लिहिते: या प्रश्नांतून देवळाबद्दल जवळजवळ काहीच हाती लागत नाही. रांगेत ताटकळलेल्या बाईंना 'श्रद्धा आहे का' विचारलं तर त्या काय सांगणार? 'आहे म्हणून तर आले ना बाळा.' पुजाऱ्यांना विधीचा अर्थ विचारला की ते समोरचा माणूस पाहून उत्तर देतात. शिकलेला दिसला तर नादलहरी आणि ऊर्जा, भाविक दिसला तर पोथीतली कथा. दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात. पण ते स्वतः रोज पहाटे उठून जे करतात, ते या दोन्हींत कुठेच नसतं.

आपल्याकडचा धर्म आधी केला जातो, मग कधीतरी सांगितला जातो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले काही दिवस कोणाला काही विचारू नका. बसा आणि बघा. कोण काय करतं, कोण कुठपर्यंत जातं, कोणाचा हात कशाला लागतो आणि कोणाचा लागत नाही.

एखादं साधं महादेवाचं देऊळ घ्या. सोमवार नको, गर्दी नसलेला वार बघा. सकाळी सभामंडपाच्या कोपऱ्यात, कोणाच्या वाटेत येणार नाही असं बसा. माणूस आत येतो ते पायरीला हात लावून, तो हात कपाळाला नेऊन. मग घंटा. मग जमिनीवरचं दगडी कासव: कोणी त्याला वाकून हात लावतं, कोणी नुसतं त्याच्यावर पाय पडू नये म्हणून बाजूने जातं. मग नंदी. काही जण त्याच्या शिंगांवर बोटं ठेवून मधल्या फटीतून पिंडीकडे बघतात. काही बायका त्याच्या एका कानावर हात धरतात आणि दुसऱ्या कानात हळू आवाजात बरंच काही सांगतात, चांगली दोन-दोन मिनिटं. मग प्रदक्षिणा, आणि इथे नीट लक्ष द्या. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत माणूस जातो, थांबतो, मागे फिरतो आणि उलट बाजूने पुन्हा तिथपर्यंतच येतो. ती पन्हळ ओलांडत नाही.

आजीबरोबर आलेलं तीन-चार वर्षांचं पोर हात सोडून पुढे पळतं आणि सरळ त्या पन्हळीवरून उडी मारायला जातं. आजी त्याला दंडाला धरून मागे ओढते. 'तिकडून नाही, इकडून.' कारण सांगत नाही, पोरही विचारत नाही, वळतं. धर्म एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो बहुतेक वेळा असा, त्या दंडावरच्या पकडीतून. प्रश्नावली भरण्यात गुंतलेल्या विद्यार्थ्याला हे दिसत नाही, कारण त्याच वेळी तो दुसऱ्या कोणाला तरी शिक्षण, व्यवसाय आणि वयोगट विचारत असतो.

गुरव सकाळी येऊन कालचं निर्माल्य काढतात, पिंड धुतात, पुसतात, बेल वाहतात. हा क्रम चार-सहा सकाळी बघितला की काय पक्कं आहे आणि काय सोयीने बदलतं हे आपोआप कळायला लागतं. पाणी कमी असलं तर कशात काटछाट होते? उशीर झाला तर काय गाळलं जातं आणि काय काही झालं तरी गाळलं जात नाही? नैवेद्य दाखवल्यावर तो कोणाकडे जातो? आपल्याकडे पिंडीपुढचा नैवेद्य गुरवाने घ्यायचा अशी जुनी रीत आहे. देवावर कोणाचा काय हक्क हे या एका ताटावरून समजतं.

मोठ्या तीर्थक्षेत्रात गेलं की हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. पंढरपूरचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी देते. तिथे परंपरेने विठ्ठलाकडे बडवे आणि रुक्मिणीकडे उत्पात या घराण्यांचा हक्क. पण प्रत्यक्ष पूजेत कामांची वाटणी किती बारीक होती बघा: पूजा करणारे पुजारी, मंत्र म्हणणारे बेणारे, पाणी आणून देणारे परिचारक, पदं गाणारे हरिदास, देवाला आरसा दाखवणारे डिंगरे, काठी घेऊन उभे राहणारे डांगे, दिवटी धरणारे दिवटे. एका पूजेत इतक्या घराण्यांचे हात, आणि एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. 'पुजाऱ्याने पूजा केली' असं एक वाक्य प्रकल्पात लिहून जो मोकळा होतो, त्याच्या हातून हा सगळा समाज निसटतो.

आणि देवाची दिनचर्या. पहाटे काकडा, मग पंचामृती पूजा, दुपारी महानैवेद्य, पोशाख, संध्याकाळी धुपारती, रात्री शेजारती. चैत्रात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत अंगाला चंदनाची उटी, कारण उन्हाळा आहे. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढून ठेवतात. शेजारती होत नाही, देव झोपत नाही, रात्रंदिवस दर्शन चालू. उभ्या देवाच्या पाठीशी टेकायला लोड देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा. गरम पाण्याने स्नान, पायांना लिंबू-साखर चोळणं, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा, मग पलंग पुन्हा शेजघरात. हे एकदा बघितलेल्या माणसाला 'मूर्तिपूजेमागची संकल्पना काय' असं विचारायचं धाडसच होणार नाही. इतके दिवस माणसांसाठी उभं राहिलेल्याचे पाय दुखले असतील, म्हणून ते चोळायचे. या एका कृतीत भक्तीबद्दल जे आहे ते समजावून सांगायला मला अख्खं सत्र पुरत नाही.

तुळजापूरला भवानीची मूर्ती जागेवरून हलवता येते. वर्षातून तीन वेळा देवी पलंगावर निद्रा घेते. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर ती झोपते आणि कोजागरीला पुन्हा सिंहासनावर येते. तो पलंग नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून ठरलेल्या घराण्यांच्या मानाने येतो. म्हणजे त्या देवळाचा अभ्यास करायचा तर देवळाच्या आवारात बसून भागत नाही, त्या पलंगाच्या वाटेवरची गावंही बघावी लागतात.

कोकणातलं गाऱ्हाणं ऐकलं नसेल तर जरूर ऐका. गुरव किंवा गावकर देवापुढे उभे राहून 'बा देवा महाराजा' म्हणून सुरुवात करतात, गावावरचं, घरावरचं, मुंबईला गेलेल्या पोरावरचं संकट एकेक करून मांडतात आणि मागे उभे असलेले सगळे 'होय महाराजा' म्हणून दुजोरा देतात. कौल लावायचा असेल तर मूर्तीवर ठरलेल्या ठिकाणी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात आणि वाट बघतात. उजवीकडची पडली तर होकार. ती पडेपर्यंतची शांतता ज्याने अनुभवली आहे तो 'ही अंधश्रद्धा आहे का' या प्रश्नाने सुरुवात करत नाही. तो प्रश्न विचारायला हरकत नाही, माझीही त्यावर मतं आहेत. पण आधी हे तर बघा की गावातले कोणते तंटे कौलाला येतात आणि कोणते येत नाहीत, प्रश्नाचे शब्द कोण ठरवतं, आणि कौल मनासारखा आला नाही तर पुन्हा लावता येतो का.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मी फार आग्रही आहे. देवळाचा अभ्यास गाभाऱ्याकडे तोंड करून जितका होतो तितकाच दाराकडे तोंड करून व्हायला हवा. कोण आत येत नाही? कोण पायरीवरूनच हात जोडून परत जातं, आणि त्याला कोणी अडवतंय की त्याची सवयच तशी झाली आहे? 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपूरला प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं. 1956 साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, तरी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यायला 2016 उजाडलं, तेही उच्च न्यायालयाने बजावल्यावर. हा इतिहास मंदिराच्या माहितीपत्रकात नसतो. पण उंबऱ्याजवळ तासभर उभं राहिलं की त्याचे अवशेष दिसतात: मानाचा नारळ कोणाच्या हातात आधी जातो, पालखीला खांदा कोण देतं, ढोल वाजवणारे आरतीच्या वेळी कुठे उभे असतात. पूजेचं सौंदर्य टिपायचं आणि हे टाळायचं, असा अभ्यास मी पास करत नाही. आणि फक्त हेच टिपायचं, काकड्याला पहाटे डोळ्यांत पाणी घेऊन उभी असलेली बाई दिसूच द्यायची नाही, तोही करत नाही.

आपल्याकडे हे काम ज्यांनी नीट केलं ते सगळे चालणारे होते. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि जुन्या वाटा पायी धुंडाळत शेंदूर लावलेल्या मातृदेवतांची ठाणी नोंदवत फिरले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगळे जेवतात हे त्यांनी अस्वस्थ होऊन लिहून ठेवलं. जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर राहिले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबा-बिरोबा त्या लोकांच्या तोंडून ऐकले. यातल्या कोणाचंही काम एका शनिवार-रविवारच्या भेटीत झालेलं नाही.

वागण्याबद्दल थोडं. आपण अभ्यासाला आलो आहोत हे पहिल्याच दिवशी पुजाऱ्यांना आणि व्यवस्थापनाला सांगा. भक्त असल्याचं सोंग घेऊन माहिती काढू नका. भक्त असाल तर नमस्कार करा, नसाल तर नुसते शांत उभे राहा, देवळात याचं कोणाला वावडं नसतं. तीर्थ हातावर दिलं तर काय करायचं हे आधीच ठरवून जा, तिथे गडबडू नका. गाभाऱ्यात फोन काढू नका. कोणी नंदीच्या कानात बोलत असेल तर कान देऊन ऐकू नका. ते तुमच्यासाठी नाही. अंगात आलेल्या बाईचं चित्रीकरण तर कधीच नको, घरच्यांनी होकार दिला तरी नको, कारण तो होकार तिने दिलेला नसतो.

आणि कागद बघा. देवळाचा ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची नोंद असते: विश्वस्त कोण, मिळकती कोणत्या. पुजाऱ्यांच्या घरी पूजेच्या पाळीच्या वाटपाचे जुने कागद असतात. सगळ्यात मोलाचे म्हणजे कोर्टातले दावे. मानासाठी भांडताना दोन्ही बाजू पूजेचा एकेक तपशील शपथेवर सांगतात. कोणत्या हाताने काय, कोणाच्या आधी कोण. शांततेच्या काळात कोणी इतकं नेमकं सांगत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. पंढरपूरसाठी असे वंशपरंपरागत हक्क संपवणारा 1973 चा कायदा झाला, त्यावर दशकानुदशकं खटले चालले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा विषय संपला. निकाल योग्य होता असं माझं ठाम मत आहे. देव कोणा घराण्याची मालमत्ता असू नये. पण पिढ्यानपिढ्या एकच काम केलेल्या घरांत त्या कामाबद्दलची जी माहिती साठली होती, ती हक्कांबरोबर संपायचं कारण नव्हतं. हक्क काढून घ्यायला कायदा लागतो. माहिती उतरवून घ्यायला एक वही, एक रेकॉर्डर आणि सवड असलेला विद्यार्थी पुरतो. लहान देवळांत तर कायदासुद्धा लागत नाही. गुरवांचा मुलगा शहरात नोकरीला जातो, ट्रस्ट पगारी पुजारी नेमतो, आणि पुढच्या चैत्रात काय करायचं हे फोन करून विचारावं लागतं, फोन उचलणारं माणूस असेतो.

त्यामुळे देवस्थान समित्यांना माझी विनंती आहे की नित्योपचाराची आणि वार्षिक उत्सवांची सविस्तर नोंद, काम केलेल्या वृद्ध माणसांच्या आवाजात, करून ठेवा आणि अभ्यासकांना ती खुली ठेवा. त्या माणसांना त्याचा मोबदला द्या. आणि महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, शंभर प्रश्नावल्या भरून आणण्याची अट काढून टाका. त्याऐवजी एका विद्यार्थ्याला एक देऊळ द्या, वर्षभरासाठी, सगळ्या सणवारांसकट. लिहून झालं की ते त्याने गुरवांना वाचून दाखवावं, आणि ते जिथे जिथे 'असं नाही' म्हणतील ती जागा दुरुस्त केल्याशिवाय गुण देऊ नका.