मावशीच्या ईसीटीला नकार द्यायला लावणारा तो मेसेज

शुक्रवारी रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. "तू हॉस्पिटलात काम करतेस, तरी आम्हाला हे सांगितलं नाहीस?" मावशीच्या ईसीटीला, म्हणजे तीव्र नैराश्यावर डोक्याला थोडा करंट देऊन करायच्या, लोक 'शॉक' म्हणतात त्या उपचाराला, त्यांनी सोमवारी होकार दिला होता, तो त्या रात्री मागे घेतला. कारण एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. लालबागच्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरून तो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि रविवारपर्यंत मला चार जणांनी पाठवला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: डिप्रेशनवर शॉक देतात तेव्हा मेंदूच्या पेशी जळतात, माणूस कायमचा सुन्न होतो, घरच्यांना ओळखत नाही. हातपाय बांधून, शुद्धीत असताना करंट सोडतात. परदेशात यावर बंदी आहे, आपल्याकडे पैशांसाठी चालू आहे. हे काम कसं करतं ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. त्यापेक्षा पहाटे उठा, उन्हात चाला, मन रमवा.

मावशी आठ महिने आजारी आहे. तीन औषधं झाली, प्रत्येक पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे. दिवाळीला चाळीस घरांचा फराळ करणारी ही बाई. तिचा चकलीचा सोऱ्या यंदा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला माळ्यावरच राहिला. गेले पंधरा दिवस ती दिवसाला चार चमचे पेज घेते, तीही काकांनी भरवली तर. "मला जाऊ द्या," एवढंच बोलते. अशा घरात हा मेसेज पोचला म्हणून मला राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी अकरा वर्षं सिस्टर आहे. त्यातली तीन वर्षं ईसीटीच्या खोलीत काढली. त्यामुळे "हातपाय बांधून, शुद्धीत" हे वाक्य आधी घेते.

पेशंट रात्रीपासून उपाशी येतो. डोक्याला तेल लावून येऊ नका, असं आम्ही आदल्या दिवशी बजावतो. बांगड्या, कवळी काढून ठेवतो. भूलतज्ज्ञ शिरेतून भूल देतात, पेशंट झोपतो. मग एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा आवळतो आणि त्यानंतर स्नायू सैल पडायचं औषध जातं. पट्ट्यामुळे ते त्या पावलात उतरत नाही. करंट दिल्यावर अख्खं अंग शांत असतं, फक्त ते एक पाऊल थरथरतं. मी घड्याळाकडे बघून सेकंद मोजते, तीस, चाळीस. कपाळावरच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपणाऱ्या यंत्राच्या, तारांवरून मेंदूतली आकडी (फीट) कागदावर उमटत असते. पाऊल थांबतं, रेघ सपाट होते. ऑक्सिजन चालूच असतो. दहा-पंधरा मिनिटांनी पेशंट डोळे उघडतो, आणि कितीतरी जण विचारतात, "झालं का? की द्यायचंय अजून?"

भूल न देता शॉक देणं आपल्या देशात वर्षानुवर्षं चालत होतं, हे मात्र खरं आहे. हाडं मोडलेली माणसं होती, आणि ती भीती आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या मनात बसली ती उगाच नाही. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली. अठराच्या आतल्या मुलांना पालकांची संमती आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी असल्याशिवाय देता येत नाही. कलम ९४ तर म्हणतं की तातडीचे उपचार या नावाखालीही ईसीटी देता येणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा कायदा उघडूनही पाहिलेला नाही.

आता "पेशी जळतात". सगळ्यात जास्त नुकसान या दोन शब्दांनी केलं आहे. यंत्रातून येणारा करंट एक अँपिअरहून कमी असतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजाव्या अशा छोट्या ठोक्यांनी दिला जातो आणि सगळं मिळून आठ सेकंदांच्या आत संपतं. गुण येतो तो विजेमुळे नाही, त्यातून सुरू होणाऱ्या आकडीमुळे. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी पहिल्यांदा वीज वापरली तीही आकडी आणण्यासाठीच. त्याआधी ती औषध टोचून आणत असत. उपचारानंतर काढलेल्या एमआरआयमध्ये मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग किंचित मोठा झालेला दिसतो. त्याचा अर्थ काय, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण जळालेला अवयव असा वाढत नाही.

"डॉक्टरांनाही ठाऊक नाही" हे अर्धं खरं आहे. पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. पण काहीच कळलेलं नाही, असंही नाही. ईसीटीनंतर ईईजीतल्या लाटा संथ होतात हे पूर्वीपासून माहीत होतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी त्याच नोंदी वेगळ्या नजरेने पाहिल्या. दादरच्या पुलावर उभं राहिलं तर खालून गाड्यांचा ठरावीक ताल येतो, आणि त्यामागे गर्दीचा एक सलग गलका असतो. ईईजीतही तसंच आहे. आजवर सगळे ताल मोजत होते, गलका टाकून देत होते. या लोकांना दिसलं की ईसीटीनंतर बदलतो तो मुख्यतः गलकाच, आणि त्याचा रोख मेंदूतल्या पेशींना आवर घालणारं काम वाढल्याकडे आहे. पेशंट थोडे होते, त्यामुळे हे शेवटचं उत्तर नव्हे. पण भूल नेमकी कशी काम करते हेही पूर्ण उलगडलेलं नाही, तरी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला कुणी भूल नाकारत नाही.

"घरच्यांना ओळखत नाही" ही थाप आहे, पण विसर पडतो हे मला मान्य करावं लागतं. शुद्धीवर आल्यावर थोडा वेळ गोंधळ असतो, डोकं दुखतं, जबडा दुखतो. उपचाराच्या आसपासचे दिवस पुसट होतात. काहींच्या त्याआधीच्या महिन्यांतल्या आठवणीही जातात आणि त्यातल्या काही परत येत नाहीत. भाचीचा साखरपुडा आठवेना म्हणून फोटो बघून रडलेली बाई माझ्यासमोर आहे. हे आधी न सांगणारा डॉक्टर चुकतो. डोक्याच्या फक्त उजव्या बाजूने, करंटच्या अगदी लहान ठोक्यांनी दिलं तर विसर कमी पडतो. तशी सोय आहे का, हे विचारायलाच हवं. काकांना भीती फराळाच्या मापांची. हातात बसलेलं काम सहसा जात नाही, असं मी त्यांना सांगितलं. तरी काल आम्ही दोघांनी मावशीसमोर बसून मापं वहीत उतरवली. अनारशाला तांदूळ दोन दिवस भिजवायचे, असं काका लिहीत होते. "तीन," मावशी म्हणाली. दिवसभरात तेवढंच.

परदेशात बंदी वगैरे खोटं. औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये, औषधांना दाद न देणाऱ्या किंवा ताबडतोब गुण यायला हवा अशा तीव्र नैराश्यासाठी, ही यंत्रं सर्वाधिक धोक्याच्या गटातून काढून मध्यम धोक्याच्या गटात आणली. ब्रिटनमध्येही उपचार चालू आहे. पैशांचं म्हणाल, तर सरकारी रुग्णालयांतही ईसीटी मिळते.

काकांनी वाचावा असा एकच अभ्यास मी त्यांना मराठीत सांगितला. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातला, २०२२ चा. नैराश्यासाठी रुग्णालयात भरती झाल्याच्या ६७ हजारांहून अधिक नोंदी, त्यातल्या जवळपास ५ हजारांत ईसीटी दिलेली. वय, आजाराची तीव्रता वगैरे जुळवून पाहिलं, तर पुढच्या वर्षभरात आत्महत्येने मरण्याचा धोका ईसीटी घेतलेल्यांत जवळजवळ निम्मा होता. ईसीटी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली ही चाचणी नाही, पण "मला जाऊ द्या" म्हणणाऱ्या बाईच्या घरी हा आकडा माहीत असायला हवा. ईसीटीतल्या मृत्यूंचं म्हणाल, तर ते लाख वेळा दिल्यावर सुमारे दोन.

आणि उन्हात चालणं. सौम्य नैराश्यात त्याचा उपयोग होतो. पण मावशीला संडासापर्यंत धरून न्यावं लागतं. तिला "मन रमव" सांगायचं म्हणजे आजाराचा दोष तिच्याच माथी मारायचा. ईसीटीनेही आजार कायमचा जात नाही: पुढे औषध न देता सोडलेल्यांपैकी ८४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला, असं २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं. म्हणून नंतर गोळ्या चालू ठेवायच्या, त्या मध्येच बंद करायच्या नाहीत.

मंगळवारी भुलीच्या तपासणीची वेळ पुन्हा मिळाली आहे. काका येतो म्हणालेत. ज्यांनी मेसेज पुढे पाठवला त्यांनी हेही त्याच ग्रुपांवर टाकावं. आणि घरात कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन करा किंवा सरळ रुग्णालयात न्या.