टोटल म्हणजे टोटल

सकाळपासून एक स्क्रीनशॉट ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. पाकिटामागचं लेबल: टोटल फॅट ८ ग्रॅम, सॅच्युरेटेड १.५, ट्रान्स ०. त्यावर लाल गोल आणि खाली, "उरलेले साडेसहा ग्रॅम कुठे गेले? चोर आहेत सगळे!"

अरे, कुठेही गेले नाहीत! ते अनसॅच्युरेटेड फॅट आहे, त्याचे दोन प्रकार, मोनो आणि पॉली. अनेक देशांत हे दोन आकडे छापायची सक्तीच नाही, म्हणून छापत नाहीत. आणि छापले तरी बेरीज काट्यावर जुळेलच असं नाही. प्रत्येक आकडा वेगवेगळा राउंड केलेला असतो. शिवाय टोटलमध्ये फॅटी ॲसिडांना धरून ठेवणारं ग्लिसरॉलही येतं, खालच्या ओळींत फक्त ॲसिडं. तिथेच चार-पाच टक्के गळतात.

त्याच पोस्टखाली दुसरे महाशय: ८ अधिक १.५, म्हणजे साडेनऊ. अहो, सॅच्युरेटेड हे टोटलच्या पोटातलंच! म्हणून तर ती ओळ जरा आत सरकवून छापतात.

बरं, कंपन्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हे मान्य. अमेरिकेत सर्व्हिंगमागे (लेबलवर धरलेलं एका वेळचं प्रमाण) अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असेल तर ० लिहिता येतं. म्हणून तेलाच्या स्प्रेचं सर्व्हिंग किती, तर पाव सेकंदाचा फवारा, साधारण पाव ग्रॅम. आत जवळजवळ निव्वळ तेल आणि लेबलवर शून्य! पाव सेकंदात बटणावरचं बोट तरी उचलून होतं का? पाच सेकंद दाबलंत की पाच ग्रॅम, म्हणजे ४५ कॅलरी. दर १०० ग्रॅमचा रकाना असेल तर तोच वाचा. नसेल तर घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते बघा.

खरं तर लोकांना तरी किती बोलायचं. "९७ टक्के फॅट-फ्री" वाचून कोणीही फसेल. ते वजनाचं गणित आहे. १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम फॅट म्हणजे २७ कॅलरी. त्या १०० ग्रॅमच्या एकूण कॅलरी ६० असतील तर जवळपास निम्म्या फॅटच्याच झाल्या की.

खाल्लेलं नोंदवून कॅलरी मोजायच्या ॲपचं मात्र डोकं फिरवणारं आहे. तिथल्या कित्येक नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. कोणी सॅच्युरेटेडचा रकाना रिकामा सोडला की बेरजेत तो शून्य धरला जातो आणि आपण खूश, आज सॅच्युरेटेड किती कमी! नोंद निवडण्याआधी फॅट गुणिले ९, कार्ब आणि प्रोटीन गुणिले ४, अशी बेरीज करा. कॅलरीच्या आकड्यापासून फार लांब गेली तर ती नोंद सोडा (फायबर किंवा अल्कोहोल असेल तर थोडं इकडेतिकडे चालतं). कच्चं वजन केलं असेल तर नोंदही कच्च्याचीच निवडा, शिजताना पाणी उडून वजन बदलतं. आणि तेल वेगळं टाका. १५ मिलीचा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम, तो न टाकता राहिला की सव्वाशे कॅलरी गायब.

तर त्या स्क्रीनशॉटमधल्या पाकिटाची नोंद: एका सर्व्हिंगला टोटल ८, दोन खाल्ली तर १६. साडेसहा शोधू नका, साडेनऊ करू नका. "चोर" वाली पोस्ट अजून तशीच आहे.